आखाजीला फुललेलं अंगण

खानदेशातल्या घरापुढच्या बागेची खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होते. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चाललेली असतात आणि दिवस कलला की सगळं घर ओट्यावर येऊन बसतं. वर्षात दुसऱ्या कुठल्याच वेळी अंगणाकडे इतक्या जणांचं लक्ष जात नाही. आणि यावल-रावेरच्या पट्ट्यात बागेला सगळ्यांत कठीण काळही हाच. दुपारचा पारा ४२-४३ अंशांखाली उतरायला तयार नसतो, काही दिवस तो ४५च्याही पुढे जातो. दुपारभर झळा वाहतात आणि विहिरी-बोअरचं पाणी खोल गेलेलं असतं.

एका रंगाचं, किंवा ठरवून जुळवलेल्या दोन रंगांचं अंगण करायची हौस आता तालुक्याच्या गावीही दिसते. नवं घर बांधून झालं, फाटक आणि ओटा यांच्यामध्ये दहा-पंधरा फूट जागा सुटली, की माणूस रोपं आणायला नर्सरीत जातो. जातो तो बहुधा डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हाच नर्सरी सर्वांत देखणी असते. पिटुनिया, फ्लॉक्स, डॉगफ्लॉवर, पॅन्सी; मागाल तो रंग कुंडीत फुललेला तयार. मार्च अर्धा सरतो तोवर यातलं बहुतेक सगळं वाळून गेलेलं असतं. ही रोपं वाईट नाहीत, पण ती थंडीची आहेत आणि यावलची थंडी जेमतेम अडीच-तीन महिन्यांची. म्हणून माझा आग्रह असा, की रंगाच्या अंगणाची निवड उन्हाळ्यापासून सुरू करावी. वैशाखात कोणता रंग तग धरतो ते आधी पाहावं, आणि मग बाकीच्या महिन्यांत तोच रंग कोणती झाडं पुढे नेतील ते शोधावं.

वैशाखात एक रंग विटतो आणि दुसरा पेटतो, याचं कारण फुलातल्या रंगद्रव्यांत आहे. गुलाबाचा लाल आणि शेवंतीचा जांभळट गुलाबी हे रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचे. उष्णता वाढली की झाड ते कमी बनवतं आणि बनलेलंही लवकर मोडतं. जानेवारीत मखमलीसारखा गडद फुलणारा गुलाब एप्रिलअखेर लहान, फिका आणि कडांना करपलेला दिसतो, त्यात माळ्याचा दोष नसतो. झेंडूचा पिवळा-केशरी वेगळ्या वर्गातला, कॅरोटिनॉइडचा; तो उन्हाने इतका डगमगत नाही. बोगनवेलीचा गुलाबी-जांभळा तिसऱ्याच जातीचा. त्याला बीटालेन म्हणतात, बीटाच्या लालीचंही तेच द्रव्य. बोगनवेलीला भरपूर ऊन मिळालं तरच तिला रंग भरतो. सावलीत ती नुसती पानं आणि काटे देते.

बोगनवेलीचा एक घोस हातात घेऊन नीट पाहावा. ज्याला आपण फूल म्हणतो ती तीन रंगीत पानं असतात, कागदासारखी पातळ. प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली असते आणि तिच्या टोकाशी पांढुरकी चांदणी उमललेली असते. खरं फूल ते एवढंच. फुलाची पाकळी उन्हात लवकर मान टाकते, पण हे रंगीत पान कितीतरी दिवस झाडावर राहतं, वाळतानाही रंग पुरता सोडत नाही. शिवाय पाण्याचा थोडा ताण पडला की बोगनवेल जास्त फुलते. यावलच्या एप्रिलमध्ये हा गुण केवढ्या मोलाचा आहे हे वेगळं सांगायला नको.

रंगाआधी अंगणाची दिशा बघावी लागते. यावल साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या थोडं खाली. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. उत्तरमुखी घराच्या अंगणावर याचा फार परिणाम होतो. जूनमध्ये तिथे भर दुपारचं ऊन पडतं. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला इतका कलतो, की दुपारी बारालाही घराची सावली घराच्या उंचीएवढी लांब पडते. बारा फूट उंच घरापुढचं बारा फुटांचं अंगण थंडीत बहुतेक सावलीत. अशा अंगणात झेंडू-शेवंतीचा हट्ट धरू नये. तगर, मधुकामिनी यांसारखी अर्धी सावली सोसणारी झुडपं लावावीत. पश्चिममुखी अंगणाला चारचं ऊन भाजून काढतं. तिथे भिंतीलगत बोगनवेल, कण्हेर आणि चाफा हीच माणसं कामाची. पूर्वमुखी अंगण सर्वांत सुखी. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर घराची सावली. मोगऱ्याला याहून चांगली जागा नाही.

आता माती. तापीकाठची केळीची गाळाची जमीन आणि घरापुढची जमीन एक नव्हे. घराच्या पायाभोवती भर घातलेली असते, त्यात मुरूम, विटांचे तुकडे, चुना, सिमेंट असं सगळं मिसळलेलं असतं. खालची काळी माती मुळातच चुनखडीची, अल्कधर्मी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळंही तोडते. कोकणातून किंवा पुण्याकडून हौसेने आणलेला अनंत इथे वर्षभरात पिवळा पडतो तो यामुळे. त्याचं पान उन्हाला धरून पाहिलं तर दुखणं कळतं. शिरा हिरव्या राहिलेल्या असतात आणि शिरांमधली जागा लिंबासारखी पिवळी झालेली असते. मातीत लोह असतं, पण अल्कधर्मी मातीत मुळांना ते उचलता येत नाही. एक्झोऱ्याचंही तेच होतं. बोअरचं जड पाणी या दुखण्यात भरच घालतं. शेणखत भरपूर घालावं, थोडं गंधक मिसळावं, चिलेटेड लोहाची फवारणी करावी, झाड सावरतं. पण दर वर्षी औषधावर जगवायचं झाड अंगणाचा कणा म्हणून निवडू नये. अनंत हवाच असेल तर मोठ्या कुंडीत, वेगळ्या मातीत ठेवावा.

एवढं पाहून झालं की रंगाकडे वळायचं. माझ्या मते यावलच्या अंगणाला सर्वांत शोभणारा रंग पांढरा. याचं कारण अंगण वापरायच्या वेळेत आहे. उन्हाळ्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा इथे बाहेर कोणी बसत नाही. अंगण पाहिलं जातं ते सूर्य बुडाल्यावर. संधिप्रकाशात आपला डोळा बदलतो: रंग ओळखणाऱ्या पेशी मंदावतात आणि कमी उजेडात काम करणाऱ्या पेशी पुढे येतात. त्यांना निळसर-हिरवा उजेड चांगला दिसतो, लाल जवळजवळ दिसतच नाही. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे टिपून ठेवलं आणि आजही ही घटना त्याच्याच नावाने ओळखली जाते. ओट्यावर बसून हे कुणालाही पाहता येतं. साडेसातच्या सुमाराला लाल जास्वंद काळी पडते, तिच्या पानांचा हिरवा मात्र अजून कळत असतो. त्याच वेळी शेजारचा मोगरा दिवसा दिसला नव्हता इतका उठून दिसतो. पांढऱ्या रात्रफुलांना हा रंग आणि हा वास लाभला आहे तो रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी. आपण त्या बोलावण्याचे आगंतुक पाहुणे.

ही गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक होती. आग्र्याला यमुनेपलीकडे, ताजमहालाच्या समोर, मोगलांनी मेहताब बाग केली ती चांदण्यात बसण्यासाठी. इंग्लंडमध्ये व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेने १९५०च्या सुमारास सिसिंगहर्स्ट इथे केलेली पांढऱ्या फुलांची बाग जगभर नावाजली. तिथली पांढरी फुलं वेगळी, त्यांची नावं आपल्या कामाची नाहीत. पण तिने पांढऱ्याच्या जोडीला राखाडी-रुपेरी पानांची झाडं लावली, ती युक्ती घेण्यासारखी आहे. आपल्याकडे मरवा आणि दवणा हे काम सुगंधासह करतात.

यावलसाठी पांढऱ्या रंगाचं वर्ष असं मांडता येतं. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत मोगरा. त्याला जानेवारीत हलकी छाटणी द्यावी, पाणी काही दिवस तोडावं, मग शेणखत घालून पुन्हा सुरू करावं. आखाजीला झुडूप कळ्यांनी भरतं. त्याच काळात पांढरा चाफा. पानं गाळून नुसत्या फांद्यांवर फुलतो, जाड फांद्यांत पाणी साठवून ठेवतो, त्यामुळे उन्हाची त्याला भीती नाही. पावसाळ्यात जाई-जुई मांडवावर. श्रावणापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत प्राजक्त. त्याचा सडा भुलाबाईच्या दिवसांत पहाटेच्या अंगणात पडतो, केशरी देठ वर करून. थंडीत कुंद आणि पांढरी शेवंती. आणि या सगळ्यांच्या मागे बाराही महिने तगर. तगरीची पाच पाकळ्यांची चक्राकार फुलं कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, पण तिची गर्द, चकचकीत पानं वर्षभर टिकतात आणि पांढऱ्याला मागून आधार देतात. शिवाय तिला चीक असल्याने शेळ्या तोंड लावत नाहीत. फाटक उघडं राहणाऱ्या घरांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

पांढऱ्या अंगणात चूक होते ती भिंतीपाशी. निळीचा हात दिलेल्या पांढऱ्या भिंतीपुढे मोगरा लावला तर तो दिसतच नाही. भिंत पांढरी असेल तर तिच्यापुढे आधी तगरीची किंवा मधुकामिनीची हिरवी रांग उभी करावी आणि तिच्यापुढे मोगरा. आपल्याकडे भिंती पोपटी, गुलाबी, आकाशी असतात. त्यांचाही हिशोब करावा लागतो. रंग शेजाऱ्यामुळे बदलतो, हे पॅरिसमधल्या गोब्लँ विणकाम-कारखान्यात नीट उलगडलं. तिथे रंगाई खात्याचा प्रमुख असलेल्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली, की काळा धागा पुरता काळा उतरत नाही. त्याने तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका भासत होता. १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या कामापुरतं त्यातलं घ्यायचं ते असं: आकाशी भिंतीपुढे पिवळा आणि केशरी दुप्पट पेटतात, गुलाबी भिंतीपुढे मॅजेंटा बोगनवेल मरते, आणि पोपटी भिंतीपुढे जांभळा खुलतो. घर रंगवायचं आणि बाग करायची एकाच वर्षी असेल तर रंगाचा डबा उघडण्याआधी झाडं ठरवावीत.

दुसरा रंग पिवळा-केशरी. हा दिवसाचा रंग आहे, उन्हाचाच. ज्यांचं अंगण रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे, दुकान किंवा दवाखाना घराला लागून आहे, त्यांनी हा घ्यावा. भर दुपारच्या पांढऱ्या उजेडात फिकट गुलाबी, फिकट जांभळा हे रंग धुऊन निघाल्यासारखे होतात. गडद पिवळा तेवढा लांबून दिसतो. या अंगणाचा राजा बहावा. एप्रिल-मेमध्ये पानं जवळपास गाळून तो पिवळ्या झुंबरांनी लगडतो आणि त्याच्याखाली उभं राहिलं की उजेडही पिवळा होतो. पण हे झाड तीस फुटांपर्यंत जातं, म्हणून ते कुंपणाच्या कोपऱ्यात, वीजतारांपासून दूर लावावं. जागा लहान असेल तर टिकोमा: फुटवे छाटत राहिलं की झुडूपच राहतो आणि वर्षातून अनेकदा फुलतो. संक्रांतीच्या सुमाराला संक्रांतवेल फाटकाच्या कमानीवर केशरी पडदा सोडते. दसरा-दिवाळीला झेंडू हवाच. पावसाळा संपताना पिवळी कोरांटी फुलू लागते. ती काटेरी असल्याने कुंपणालाही चालते.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हे यावलच्या उन्हाळ्यात सर्वांत बिनतक्रार फुलणारं झाड. गुरं-शेळ्या तिला शिवत नाहीत, पाणी नसलं तरी ती हिरवी असते. पण तिच्या आणि कण्हेरीच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि बिट्टीच्या बियांनी जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. घरात लहान मूल असेल तर बिट्टी लावू नये, असं मी स्पष्ट सांगेन. लावलीच असेल तर फळं धरण्याआधी तोडून टाकावीत आणि छाटलेल्या फांद्या जनावरांपुढे पडू देऊ नयेत. त्या जागी तरवड चालते. ही माळरानावरची झुडूपवजा वनस्पती. पिवळ्या तुऱ्यांनी भरते आणि खडकाळ जमिनीतही वाढते. नर्सरीत ती सहसा मिळत नाही, बी गोळा करून पेरावी लागते.

तरवडीला अंगणात जागा द्यायला काही जण कचरतात, रानातलं झुडूप दारात कशाला, म्हणून. त्यांना फैजपूरची आठवण करून द्यावीशी वाटते. यावल तालुक्यातल्या याच गावी डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते. महात्मा गांधींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस सजावटीसाठी आले. खेड्यात मिळतं त्यातच काम करायचं अशी अट होती, आणि त्यांनी बांबूसारख्या गावच्याच वस्तूंतून ते नगर उभं केलं. गांधीजींनी त्याचं जाहीर कौतुक केलं. देशातल्या अव्वल चित्रकाराला आपल्या शिवारातल्या वस्तू पुरल्या. रंगांचा धडाही याच शिवारात मिळतो: फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याला पळस पेटतो तेव्हा केशरी रंगाच्या किती छटा एकमेकींशेजारी नांदू शकतात हे पाहायला मिळतं. पिवळ्या-केशरी अंगणाचा आराखडा काढण्याआधी यावल अभयारण्याच्या रस्त्याने एक फेरी मारावी. पळस घरापुढे लावण्याजोगा नाही, फार सावकाश वाढतो, पण डोळ्याला शिकवून जातो.

लाल अंगणाबद्दल थोडक्यात. जास्वंद, लाल कण्हेर, डाळिंब आणि लाल बोगनवेल यांवर ते उभं राहतं. दिवसा भारदस्त दिसतं आणि संध्याकाळी विझतं, हे मघाशी आलंच. मधमाशीला लाल दिसत नाही. लाल फुलांवर येतात ते शिंजीर पक्षी, आणि ज्यांना पक्षी हवेत त्यांच्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. फक्त जास्वंदीला मेमध्ये दुपारची सावली आणि रोजचं पाणी द्यावं लागतं, नाहीतर कळ्या उमलण्याआधीच गळतात.

निळं अंगण करायला सर्वांत अवघड. खरा निळा मुळातच कमी फुलांत असतो, आणि जी आहेत ती लांबून पुसट होतात. गोकर्ण पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला भरभरून देते. तिच्या फुलांचं गरम पाण्यातलं निळं उतरण लिंबाच्या थेंबाने जांभळं होतं, तो अँथोसायनिनचाच गुण. निळा प्लंबॅगो वर्षातला बराच काळ फुलतो. तामण, महाराष्ट्राचं राज्यपुष्प, ऐन उन्हाळ्यात जांभळं फुलतं, पण ते ओढ्याकाठचं झाड आहे. इथे त्याला पाणी पुरवायची तयारी हवी. म्हणून निळा रंग एकटा न घेता पांढऱ्याच्या सोबतीला, ओट्याच्या अगदी जवळ, हात पुढे केला तर लागेल इतक्या अंतरावर लावावा. इंग्रज उद्यानकार गर्ट्रूड जेकिल आधी चित्रकार होती, नजर अधू झाल्यावर बागेकडे वळली. तिने १९०८च्या आपल्या पुस्तकात सांगितलेली रचना लांबलचक वाफ्यासाठी आहे: दोन्ही टोकांना निळे-राखाडी थंड रंग आणि मध्ये तापत जाणारे पिवळे, केशरी, लाल. आपल्या पंधरा फुटांत एवढं बसत नाही. दोन रंगांवर थांबावं आणि तिसरा पानांच्या हिरव्याला समजावं.

लावणीचं वेळापत्रक केळीच्या पट्ट्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही, तरी बागेपुरतं सांगतो. खड्डे मेमध्ये घ्यावेत, दोन फूट लांब-रुंद आणि तेवढेच खोल, आणि उन्हात तापू द्यावेत. खड्ड्यातली भर काढून टाकावी. शेताच्या बांधावरची माती, शेणखत आणि थोडी वाळू मिसळून भरावी. वाफा जमिनीपेक्षा सहा इंच उंच ठेवला तर काळ्या मातीत मुळं पावसाळ्यात गुदमरत नाहीत. रोपं दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जुलैत लावावीत, म्हणजे पहिल्या उन्हाळ्याआधी त्यांना आठ-नऊ महिने मिळतात. ठिबकची एक लॅटरल टाकली की पाण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. फेब्रुवारी संपायच्या आत बुंध्याभोवती केळीच्या वाळल्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन द्यावं. शेजारच्या बागेत ती फुकट मिळतात. बुंध्याला चिकटवू नये, वीतभर जागा सोडावी, नाहीतर वाळवी लागते.

पिवळ्या-केशरी अंगणात बहाव्याचं रोप सर्वांत आधी लावावं, कारण फुलायला तो काही वर्षं घेतो. तोवर त्याच्या पुढ्यात टिकोमा वाढवावा, आणि बहावा डोक्यावर गेला की टिकोमा काढून भिंतीकडे हलवण्याऐवजी त्याच्या फांद्यांची नवी रोपं करून घ्यावीत. टिकोमा पावसाळ्यात काडीपासून सहज येतो.